वामीच्या आतड्यातला जंत आणि थर्मासभर उकळतं पाणी

माझ्या पीएच.डी.च्या विषयाचं नाव कागदावर चांगलं दोन ओळींचं होतं. घरी, खोलीवर, मासळी बाजारात मात्र सगळीकडे त्याचं ‘माशाच्या पोटातले जंत’ एवढंच झालं, आणि ते काही खोटं नव्हतं. पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून, बाजारात येणाऱ्या माशांच्या आतड्यांत कोणते कृमी राहतात, कुठल्या ऋतूत किती सापडतात आणि त्यांची नावं काय, हे शोधायचं. पहिल्या दोन प्रश्नांसाठी चिकाटी पुरते. तिसऱ्या प्रश्नात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मजाही त्यातच आली.

आमचं घर माळकरी. वडिलांचं म्हणणं असायचं, “लोक नाथांच्या गावाला दर्शनाला जातात, आमची मुलगी मासे फाडायला जाते.” दर्शन मी घेत होते. मासे मात्र फाडत नव्हते, ते काम बाजारातल्या मावशी करायच्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली अभ्यासक्रमातली विच्छेदनं थांबवली. संशोधनाचे नियम वेगळे आहेत, पण आमच्या सरांचं धोरण साधं होतं: जो मासा तसाही कुणाच्या तरी कालवणात जाणार आहे, त्याचंच आतडं घ्यायचं, आपल्यासाठी वेगळा मारायचा नाही. शिवाय वाम आणि मरळ हे संशोधनवृत्तीच्या पैशांत किलोकिलोने विकत घ्यायचे मासे नव्हेत.

त्यामुळे कामाची सुरुवात मासे साफ करणाऱ्या भोई समाजातल्या बायकांशी ओळख काढण्यापासून झाली. पहाटे जाळी आली, लिलाव झाला, की गिऱ्हाईक मासा निवडणार, मावशी तो काट्यावर टाकणार, मग खवले, पर, पोट. पोट फाडल्यावर जे बाजूच्या डब्यात जातं ते मला हवं असायचं. पण नुसतं आतडं घेऊन चालत नाही. ते कुठल्या माशाचं, मासा किती लांब, किती वजनाचा, नर की मादी, हे पोट फाडायच्या आत लिहून घ्यावं लागतं, आणि गिऱ्हाईक तर घाईत असतं. “थांबा दादा, एक मिनिट मोजू द्या” असं म्हणत पट्टी घेऊन वामीवर वाकणाऱ्या मुलीकडे लोक कसे बघतात, ते मला तोंडपाठ आहे.

“काय शोधायलीस गं पोरी?” मावशींनी विचारलं. मी आतडं चिरून दाखवलं. पांढरे, चपटे, लांब काहीतरी वळवळताना बघून त्या म्हणाल्या, “हे होय? हे तर आम्ही कव्हाचं बघायलोत. उन्हाळ्यात लई असतेत.” ऋतूनुसार प्रमाणाचा आलेख पुढे मी वर्षभराच्या नोंदींवरून काढला. तो मावशींच्या वाक्यापेक्षा फारसा वेगळा आला नाही.

यजमान, म्हणजे जंत ज्याच्या पोटात राहतो तो मासा, कोण हे आधी पक्कं करावं लागतं. वामीत घोटाळा होत नाही. मरळीत होतो, कारण ‘मरळ’ म्हणून तीन-चार प्रकारचे मासे एकाच टोपलीत येतात. आणि मांगूर हा तर स्वतंत्र विषय. आपला गावठी मांगूर वेगळा आणि ‘थाई मांगूर’ म्हणून विकला जाणारा मुळात आफ्रिकेतला मासा वेगळा. त्या परक्या माशाच्या पालनावर २००० सालापासून देशात बंदी आहे, तरी तो बाजारात दिसतोच. यजमानाचंच नाव चुकलं तर त्याच्या पोटातल्या जंताचं नाव बरोबर येण्याची आशा सोडावी. त्यात आपल्या गावठी मांगुराला पुस्तकात वर्षानुवर्षं क्लॅरियस बॅट्राकस म्हणत आले आणि आता तो क्लॅरियस मागूर झाला आहे. ते जुनं नाव जावा बेटावरच्या माशाकडे गेलं. जुने शोधनिबंध वाचताना हे डोक्यात ठेवावं लागतं.

आतडं उघडायची रीत साधी आहे. पेट्री डिशमध्ये ०.७५ टक्के मिठाचं पाणी घ्यायचं. साधं पाणी घेतलं तर ते कृमीच्या अंगात शिरतं, तो फुगतो आणि कधीकधी फुटतो. जठर वेगळं, आतड्याचा पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, कारण प्रत्येक कृमीची बसायची जागा ठरलेली असते आणि तीही नोंद लागते. बारीक कात्रीने लांबीत चिरायचं आणि मग काहीच करायचं नाही, थोडा वेळ बघत बसायचं. श्लेष्मल चिकट गाळातून काय हलतंय ते आपोआप दिसतं. चिमटा लगेच घालायचा मोह होतो, तो टाळायचा. पट्टकृमीचं (टेपवर्मचं) डोकं आतड्याच्या अस्तरात रुतलेलं असतं. ओढलं की अंग हातात येतं आणि डोकं तिथेच राहतं. डोक्याशिवाय पट्टकृमीची ओळख जवळजवळ अशक्य. मी ब्रशने हळूहळू मिठाचं पाणी सोडत बसायची. काही जण पाच-दहा मिनिटांत स्वतःहून सुटतात.

कुठल्या माशात काय, याचा अंदाज लवकरच येतो. वामीत सेंगा नावाच्या वंशाचे पट्टकृमी. चौकोनी डोकं, त्याच्या शेंड्यावर तबकडी, तबकडीच्या कडेने आकडे, म्हणजे बारीक हुक. मांगुरात लायटोसेस्टस आणि त्याचे भाऊबंद. यांच्या अंगाला खंडच नसतात, अख्ख्या देहात जननेंद्रियांचा एकच संच, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला हा पट्टकृमी आहे हे पटत नाही. मरळीत काटेरी सोंडेचा पॅलिसेंटिस. तो सोंड आतड्याच्या भिंतीत खुपसून बसतो. शिवड्यात पट्टकृमी गँजेसिया, आणि आतडं सोडून त्याच माशाच्या हवेच्या पिशवीत डोकावलं तर आयसोपॅरॉर्किस हा बोटाच्या पेराएवढा मोठा पर्णकृमी. त्याने पहिल्या दिवशी मला ओरडायला लावलं होतं. लालसर, दोऱ्यासारखे बारीक गोलकृमी असले तर बहुधा प्रोकॅमॅलॅनस: रक्त पितो म्हणून लाल, आणि तोंडात नारिंगी रंगाची टणक कुपी. रोहू-कटल्यात मला आतड्यातले कृमी क्वचितच मिळाले.

हे सगळे येतात कुठून, हा प्रश्न बाजारातली माणसंही विचारतात. माझं उत्तर नारूपासून सुरू होतं, कारण मराठवाड्यात साठी ओलांडलेल्या माणसाला नारू समजावून सांगावा लागत नाही. बारवेत उतरून पाणी भरायचं, त्या पाण्यात डोळ्याला ठिपक्याएवढा दिसणारा सायक्लॉप्स, त्याच्या अंगात नारूची अळी, ते पाणी माणूस प्यायला की वर्षभराने पायातून पांढरा दोरा बाहेर. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं. तोच सायक्लॉप्स किंवा त्याची भावंडं माशांच्या कितीतरी जंतांचंही वाहन आहेत. सेंगाची अंडी माशाच्या विष्ठेतून पाण्यात पडतात, त्यातून पोहणारी अळी निघते, सायक्लॉप्सच्या जातीचा जीव तिला खातो, मासा त्या जीवाला खातो. मांगुरातल्या लायटोसेस्टसच्या भाऊबंदांचा मार्ग निराळा, ते तळाच्या चिखलातल्या बारीक गांडुळवर्गीय जीवांतून येतात. म्हणून चिखल उकरून खाणाऱ्या मांगुरात ते भरपूर.

नाथसागर या व्यवहाराला फारच सोयीचा आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेलं आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलेलं हे दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण. मागे पसरलेलं पाणी विस्ताराने प्रचंड, खोलीने बेताचं. वाहत्या गोदावरीच्या जागी उथळ, कोमट, थबकलेलं पाणी आलं म्हणजे असल्या सूक्ष्म जीवांची चैनच. वर पक्षी अभयारण्य. पाणकावळे आणि बगळे यांच्या पोटात प्रौढ होणाऱ्या कृमींच्या अळ्या माशांच्या मांसात आणि पोटाच्या पोकळीत वाट बघत पडलेल्या असतात. चिलापीच्या कल्ल्यांखाली किंवा मांसात कधी पिवळे दाणे दिसतात ना, ती बगळ्याकडे जायला निघालेली मंडळी.

आता मूळ मुद्द्यावर येते. कृमी सापडला, पुढे काय? त्याला मारायचं. तो कसा मारला यावर त्याचं नाव अवलंबून असतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आमच्याकडे परंपरेने शिकवलेली पद्धत दाबण्याची. जिवंत पट्टकृमी थंड पाण्यात ठेवून सैल करायचा, मग काचपट्टीवर सरळ पसरायचा, वरून दुसरी काचपट्टी ठेवायची, दोन्ही टोकांना दोरा गुंडाळायचा आणि रात्रभर ४ टक्के फॉर्मेलिनमध्ये बुडवायचा. सकाळी कृमी लाटलेल्या पापडासारखा सपाट मिळतो. रंग छान चढतो, आतली इंद्रियं एका प्रतलात येतात, चित्र काढायला सोपं. मराठवाड्यात पट्टकृमींचा अभ्यास अनेक दशकं चालू आहे, आणि त्यातला मोठा भाग असाच दाबून केलेल्या काचपट्ट्यांवर उभा आहे.

दुसरी पद्धत मी युरोपीय संशोधकांच्या निबंधांत वाचली. कृमी मिठाच्या पाण्यात स्वच्छ करा आणि जिवंत असतानाच त्याच्यावर जवळजवळ उकळतं फॉर्मेलिन ओता. दाब नाही, काच नाही. क्षणात तो सरळ होतो आणि तसाच राहतो. स्नायू आखडायला त्याला वेळच मिळत नाही. मासळी बाजारात फॉर्मेलिन उकळणं म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लावणं, म्हणून मी मिठाचं पाणीच उकळतं घ्यायचं आणि कृमी सरळ झाला की ४ टक्के फॉर्मेलिनच्या कुपीत टाकायचा असं ठरवलं. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर माझा थर्मास भरून मिळू लागला. मीठ मी वजन करून पुडीतून आणायची. “चहात नाही ना टाकणार ताई?” हा त्या टपरीवाल्याचा ठरलेला विनोद.

एकदा एका मोठ्या वामीच्या आतड्यात सेंगाचा गुच्छच सापडला. एवढे सारे एकाच माशात, एकाच जागी, दिसायला अगदी एकसारखे. तेव्हा सुचलं की यांचे दोन भाग करावेत. निम्मे दाबून, निम्मे उकळत्या पाण्याने. शिवाय दोन-तीन तसेच आतड्यात ठेवून आतडं बर्फात घातलं आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत पोचल्यावर काढले. बऱ्याच अभ्यासांत प्रत्यक्षात तसंच होतं, म्हणून. गाव लांब, बस उशिरा, तोवर मासा आणि जंत दोघेही मेलेले.

नंतरचं काम म्हणजे रंग देणं, आणि ते मला मनापासून आवडतं. पाण्याने धुऊन फॉर्मेलिन घालवायचं, मग हॅरिसचं हिमॅटॉक्सिलिन. घट्ट रंगात मिनिटभर बुडवण्यापेक्षा पातळ करून रात्रभर ठेवला की रंग आतपर्यंत जातो. सकाळी कृमी जांभळा ठिक्कर, आतलं काहीही दिसत नाही. आता आम्ल मिसळलेलं ७० टक्के अल्कोहोल. रंग धुराच्या वेटोळ्यांनी बाहेर पडू लागतो आणि इथेच डोळा लागतो. वरचा रंग उतरायला हवा, वृषणांचा आणि अंडाशयाचा राहायला हवा. क्षण चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. योग्य वेळी काढून नळाच्या पाण्यात टाकला की लालसर रंग निळा होतो. याला पाणी थोडं अल्कधर्मी लागतं. पुस्तकात त्यासाठी वेगळं द्रावण दिलंय. आमच्या विभागाच्या बोअरचं जड पाणी, ज्याने बादल्यांवर पांढरे थर बसतात, ते या कामाला इतकं उत्तम की मी ते द्रावण कधी बनवलंच नाही.

मग अल्कोहोलच्या पायऱ्या: ३०, ५०, ७०, ९० आणि शेवटी निव्वळ. निव्वळ अल्कोहोल उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावर येतं, कुलपातल्या कपाटात राहतं आणि नोंदवहीत सही करून मोजून मिळतं. त्यामुळे माझ्या मैत्रिणींचा ठाम समज होता की जंतांच्या नावाखाली विभागात वेगळंच काही चालतं. पाणी पूर्ण निघालं की झायलीन हे द्रावक. कृमीत पाण्याचा अंश उरला असेल तर झायलीन लगेच दुधासारखं पांढरं होतं आणि चुपचाप मागे जावं लागतं. नसेल तर कृमी काचेसारखा पारदर्शक होतो. शेवटी डीपीएक्स या पारदर्शक चिकट द्रवाचा थेंब आणि आच्छादन काच. तिरकी ठेवत आणायची, बुडबुडा येऊ न देता.

मग कॅमेरा ल्युसिडा. सूक्ष्मदर्शकाला लावलेला आरसा. एका डोळ्याने कृमी आणि कागदावरची पेन्सिल दोन्ही एकत्र दिसतात, त्यावरून गिरवत जायचं. मोबाइलने फोटो निघतो, मग हे कशाला, असं नवी मुलं विचारतात. फोटोत एकाच पातळीवरचं स्पष्ट येतं. हाताने काढताना आपण सूक्ष्मदर्शक खालीवर करत एकेक वृषण शोधतो, गर्भाशय कुठून वळलं ते बघतो. जे गिरवलं ते खरोखर पाहिलेलं असतं.

त्या वामीतल्या कृमींची मापं मी ओळीने लिहिली तेव्हा टेबलावर तीन प्रकारचे प्राणी असावेत असं वाटलं. दाबलेल्यांची डोकी रुंद, खंड आडवे पसरलेले, वृषणं लांबट होऊन कडेला सरकलेली, अंडाशयाच्या पाळ्या फाकलेल्या. उकळत्या पाण्यातल्यांची डोकी उभट, वृषणं गोल, खंडांच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर पार वेगळं. आणि बर्फातून संध्याकाळी आलेल्यांची डोकी आखडलेली, आकडे गळालेले. मेल्यावर सेंगाचे आकडे फार लवकर सुटतात. जुन्या वर्णनांतली प्रजाती ओळखण्याची किल्ली घेऊन बसले. या किल्लीत ‘डोकं असं असेल तर इकडे, तसं असेल तर तिकडे’ अशा फांद्या असतात. दाबलेले एका फांदीला गेले, उकळलेले दुसऱ्या, आणि बर्फातल्यांचे आकडे कमी भरत असल्याने ते कुठल्याच फांदीला बसेनात. म्हणजे रीतीप्रमाणे ते ‘नवे’. एका आईची नसतील कदाचित, पण एका वामीची होती ती सगळी.

त्यानंतर ग्रंथालयातल्या जुन्या निबंधांकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले. सेंगा हा वंश डॉल्फस यांनी १९३४ साली वर्णन केला, तोही पॅरिसजवळच्या व्हँसेन इथे मत्स्यालयातल्या सयामी फायटर माशातून. आपल्याकडे जोहरी यांनी १९५६ साली वामीतून सेंगा लकनोवेन्सिस नोंदवला. १९६८ साली आपल्या मराठवाड्यातल्या जंत-अभ्यासाचे प्रवर्तक जी. बी. शिंदे यांनी मरळीच्या कुळातल्या माशातून सर्कमऑन्कोबोथ्रियम हा नवा वंश मांडला. आकड्यांचं कडं सलग आहे की दोन अर्धवर्तुळांत तुटलेलं, हा त्यातला मुख्य भेद. नंतर या दोन वंशांखाली भारतातून प्रजातींची रांग लागली. अलीकडे या गटाची जगभराची छाननी झाली तेव्हा सर्कमऑन्कोबोथ्रियम हा सेंगाच धरला गेला. मांगुराचंही तेच. नागपूरच्या मोघे यांनी १९२५ साली वर्णन केलेला मांगुरातला जंत आज लायटोसेस्टस इंडिकस म्हणून पक्का उभा आहे. पण त्याच्या मागोमाग आलेल्या पन्नासहून अधिक नावांची २०११ साली नव्याने तपासणी झाली, तेव्हा ग्राह्य ठरलेल्यांचा आकडा दहाच्या आतच राहिला.

या मंडळींना हसावं असं मला कधी वाटलं नाही. हातात एक सूक्ष्मदर्शक, ना डीएनए, ना परदेशातल्या संग्रहालयातला मूळ नमुना बघायची सोय. साउथवेल यांच्या पट्टकृमींवरच्या १९३० सालच्या दोन ग्रंथखंडांची झिजलेली प्रत हाच आधार. त्यांनी गोदावरीच्या खोऱ्यातल्या माशांची पोटं पहिल्यांदा कुणीतरी नीट उघडून बघितली, हे काम मोठंच आहे. माझा राग, असलाच तर, नंतरच्या हिशेबावर आहे. नव्या प्रजातीला निबंधात मान, निबंधाला गुण, गुणांना बढती. मग आकडे चार कमी भरले की नाव द्यायचं, आणि नाव बहुधा जिल्ह्याचं नाहीतर साहेबांचं.

सरांसमोर ती तीन प्रकारची मापं ठेवताना मला धाकधूक होती, कारण सरांच्याही नावावर दोन-तीन प्रजाती होत्या. त्यांच्या तरुणपणीच्या, दाबलेल्या. त्यांनी कागद बराच वेळ बघितले. मग उठून कपाटातून लाकडी पेटी काढली, त्यातल्या स्वतःच्या प्रजातीची काचपट्टी माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि शेजारी माझी दाबलेली. बराच वेळ आलटून पालटून बघत राहिले. “आकडे मोजलेस?” म्हणाले. मी सांगितले. “माझ्यात गळालेत,” म्हणाले, “या बाजूला खाचा दिसतायत बघ.” खाचा खरंच होत्या. “मग लिही तसं.”

मी लिहिलं. सरांची प्रजाती माझ्या तक्त्यात ‘बहुधा सेंगा लकनोवेन्सिसच’ या रकान्यात गेली. मसुदा परत आला तेव्हा त्या पानावर त्यांनी एका वाक्यात क्रियापद दुरुस्त केलं होतं आणि समासात लिहिलं होतं: मूळ काचपट्टी पाहिली आहे असा उल्लेख कर.

वामीतल्या माझ्या सगळ्या सेंगांना एकच जुनं नाव लागलं. मरळीतही सेंगा मिळाले, त्यांना मी नाव दिलंच नाही, नुसतं ‘सेंगा, प्रजाती अनिश्चित’ असं लिहिलं. प्रबंधात शेवटी उरलं ते काय? कुठल्या माशात किती टक्के लागण, प्रत्येक लागण झालेल्या माशात सरासरी किती कृमी, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा यांचा फरक. आणि एक संपूर्ण प्रकरण मारण्याच्या पद्धतीवर. मित्र म्हणायचे, एवढे मासे चिरून एकही नवी प्रजाती नाही? त्यांचं बरोबर होतं. नोकरीच्या मुलाखतीत ‘तुमच्या नावावर किती प्रजाती?’ हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलेला आहे.

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी तोच प्रश्न जरा सौम्य शब्दांत विचारला. मी दोन सूक्ष्मदर्शक आधीच लावून ठेवले होते, एकाखाली दाबलेला, एकाखाली उकळत्या पाण्यातला. त्यांनी दोन्ही बघितले, किल्लीची पानं मागून घेतली, बोटाने फांद्यांवरून खाली आल्या आणि म्हणाल्या, “हा लकनोवेन्सिस, आणि हा दुसरा. वेगवेगळ्या तलावातले?” मी म्हटलं, “एकाच वामीतले, मॅडम.” त्या हसल्या आणि पुन्हा वाकून बघत बसल्या. नंतरचा अर्धा तास त्यांनी मला काय काय विचारलं असेल? पाण्याचं तापमान किती, थर्मासमध्ये ते किती वेळ टिकतं, वामीऐवजी लहान मासा असेल तर कृमी किती वेळात मरतो. हे सगळं मला येत होतं.

मावशींचा प्रश्न वेगळा होता आणि तो जास्त लोकांच्या कामाचा आहे: हे खाल्ल्याने माणसाला काही होतं का? आतड्यातल्या ज्या पट्टकृमींबद्दल मी लिहितेय ते माशाच्या थंड शरीराला बांधलेले असतात, माणसाच्या पोटात ते जगत नाहीत. शिवाय आतडं आपण फेकतोच आणि मासा शिजवतो. मांसात शिरणाऱ्या काही अळ्यांची गोष्ट वेगळी. मरळीच्या जातीच्या माशांतून येणारी नॅथोस्टोमा ही गोलकृमीची अळी थायलंड आणि जपानमध्ये कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खाणाऱ्यांना त्रास देते. आपल्या झणझणीत कालवणात ती टिकणार नाही. तव्यावर वरून करपलेला आणि काट्याजवळ कच्चा राहिलेला जाड तुकडा मात्र पुन्हा ठेवावा. कच्चा खायची हौसच असेल तर घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नये. त्यासाठी उणे २० अंशांवर आठवडाभर गोठवलेला मासा लागतो. आणि पोट साफ करताना एखादा पांढरा पट्टा दिसला म्हणून अख्खी वाम टाकून देऊ नये. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने तसं केलं तेव्हा मावशींनी मलाच झापलं, “तुझ्या दाखवण्याने माझं गिऱ्हाईक गेलं बघ.” मग मी दुकानाच्या मागच्या बाजूला बसू लागले.

काचपट्ट्यांचा एक संच आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रात ठेवायला दिला आहे, त्यात दाबलेले आणि न दाबलेले असे जोडीजोडीने, एकाच यजमान क्रमांकाखाली. बाकीच्या माझ्याकडे आडव्या पेट्यांत आहेत. उन्हाळ्यात डीपीएक्स मऊ पडतं आणि उभ्या ठेवल्या तर कृमी घसरतात. प्रत्येक कृमीचा मधला एक तुकडा मी ९६ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवलेला आहे, डीएनएसाठी. फॉर्मेलिनमध्ये गेलेल्या नमुन्याचा डीएनए मिळवणं फार अवघड जातं, म्हणून तो तुकडा उकळतं पाणी पडायच्या आत कापावा लागतो. वामीतल्यांचे डीएनए-क्रम आले, ते आपसात जुळतात. मरळीतल्यांचे अजून यायचे आहेत. त्यांच्यात आकड्यांचं कडं सलग आहे की तुटलेलं, हे मला खात्रीने सांगता येईल इतके ताजे नमुने अजून मिळालेले नाहीत, म्हणून यंदाच्या वैशाखात पुन्हा पैठणला जाणार आहे.